मोठ्या बाईंची माफी

मोठ्या बाई तेव्हा टेबलाखाली होत्या, आणि टेबलाखाली गेलेल्या माणसाची प्रतिष्ठा टेबलावरच राहते. एका हातात पेन ड्राइव्ह, दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागचं ते चपटं भोक काही केल्या सापडत नव्हतं. तेवढ्यात समोर चकचकीत बूट येऊन थांबले आणि बुटांच्या वरून आवाज आला, "मावशी, साहेबांच्या केबिनमध्ये चार चहा सांगता का?"

बाई बाहेर आल्या. टेबलाच्या कडेवर डोकं आपटून आल्या, पण आल्या. बूट ज्याचे होते तो एका एजन्सीचा माणूस होता, आणि त्याला उत्तर द्यावं की नुसतं बघावं याचा त्यांनी क्षणभर विचार केला. मग नुसतं बघितलं. ऑफिसात बाईंचं बघणं पुरतं. एजन्सीवाला आपला आपण चहा सांगायला गेला.

हे ऑफिस पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचं. नळाला पाणी नाही, आहे ते गढूळ आहे, शेजाऱ्याला आहे आणि आपल्याला नाही, या सगळ्याची नोंद इथे कॉम्प्युटरवर होते. ज्या प्रोग्रॅमवर होते त्याची नवी आवृत्ती मुख्यालय सतत पाठवत असतं, आणि ती दोन मजल्यांवरच्या तिसेक कॉम्प्युटरवर एकेक करून टाकावी लागते. हे काम बाईंचं. कारण काय, तर फार वर्षांपूर्वी ऑफिसात पहिला पेन ड्राइव्ह आला तेव्हा तो कुठल्या बाजूने आत जातो हे एकट्या बाईंना कळलं होतं. हुद्दा हेडक्लार्कचा, हाताखाली माणसं, पण पेन ड्राइव्ह आला की बाईच निघायच्या. जिना चढ, जिना उतर, "जरा उठता का?" म्हण, "आत्ता नको हो, बाई" ऐक. गुडघे बोलायला लागले होते. बाई अजून काही बोलल्या नव्हत्या.

चहा झाल्यावर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांच्या टेबलावर भिंतीएवढा स्क्रीन होता आणि त्याच्या आडून साहेबांचं फक्त कपाळ दिसायचं.

"बाई, तुम्ही आता थकलात," कपाळ म्हणालं. "हे अपडेटचं काम आपण एजन्सीला देतोय. तुमच्यासाठी जुन्या दप्तरात जागा बघितली आहे. शांत आहे. कुणाची कटकट नाही."

जुनं दप्तर म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या इमारतीचं तळघर. तिथे कटकट नव्हती हे खरं, कारण तिथे माणूसच नव्हतं. तिथे गेलेला माणूस एकदम निवृत्तीच्या निरोपसमारंभाला वर येतो, आणि तेव्हा त्याला कुणी ओळखत नाही.

"मी थकलेली नाही," बाई म्हणाल्या.

"पंधरवड्यानं मुख्यालयातून बडे साहेब येतायत. एजन्सी त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक दाखवणार. मग तुमची ऑर्डर काढू."

"त्याच दिवशी माझंही प्रात्यक्षिक ठेवा."

"कसलं?"

कसलं, ते बाईंनाही माहीत नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द परत घ्यायची बाईंच्या घराण्यात पद्धत नव्हती. "खुर्चीतून न उठता सगळे कॉम्प्युटर अपडेट करून दाखवते," त्या म्हणाल्या आणि साहेबांचं कपाळ वर चढायच्या आत बाहेर पडल्या.

घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट यजमानांना सांगितली. यजमान बँकेतून निवृत्त झाले होते आणि दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसायचे. "तू ना, उगाच अंगावर घेतेस," ते पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाले. "एजन्सीला करू दे की. तुला काय त्याचं?"

"मला काय त्याचं ते तळघरात तुम्ही डबा घेऊन याल तेव्हा कळेल."

नणंदेचा फोन आला. "वहिनी, या वयात कशाला गं हे? त्यापेक्षा विणकामाचा वर्ग लाव." समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त प्राचार्य मुद्दाम येऊन बसले आणि त्यांनी गणनयंत्राचा इतिहास मण्यांच्या पाटीपासून सुरू केला. जेवायची वेळ झाली तेव्हा ते दातेरी चाकांपर्यंत पोचले होते. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने निरोप पाठवला की नेटवर्कच्या वायरीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, आमच्या जाऊबाईंना त्यानेच पुरळ उठलं. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणालाही काय करायचं आहे ते ठाऊक नव्हतं, पण करू नये याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. बाईंना जे हवं होतं ते नेमकं यातूनच मिळालं. चार माणसं नको म्हणाली की बाईंना बळ येतं.

त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावले. व्हिडिओतला शिक्षक भराभरा बोलायचा. "अरे, हळू," बाई त्याला दरडावायच्या आणि मागे न्यायच्या. हळूहळू त्यांना कळलं की स्क्रिप्ट म्हणजे फार मोठं काही नाही. कॉम्प्युटरला आधीच लिहून द्यायचं, आधी हे कर, मग ते कर, झालं की पुढच्याकडे जा. घरातून बाहेर पडताना यजमानांसाठी लिहून ठेवायच्या तसंच. फरक इतकाच की कॉम्प्युटर लिहिलेलं वाचतो.

पहिली चाचणी घरातच झाली. बैठकीच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर, आतल्या खोलीतला यजमानांचा, मधे पॅसेजमधून ओढलेली वायर. वायरीत अडकून प्राचार्य एकदा पडता पडता वाचले. बाईंनी बाहेर बसून एंटर दाबलं आणि आतून किंकाळी आली.

"चाललं!" बाई ओरडल्या.

"अगं, माझा डाव सुटत आला होता! आपोआप बंद झाला!"

"तेच म्हणतेय मी. चाललं!"

यजमान त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. बाई दोघांच्या वाटणीचं बोलल्या.

ऑफिसात मात्र नुसतं एंटर दाबून भागत नाही. नेटवर्कवर काही चालवायचं तर संगणक समितीची परवानगी लागते. समितीचे अध्यक्ष निवृत्त झाले होते, एक सदस्य बदलून गेले होते आणि उरल्या होत्या सदस्य-सचिव, म्हणजे स्वतः बाई. त्यांनी हेडक्लार्क या नात्याने अर्ज केला, सदस्य-सचिव या नात्याने तो वाचला आणि त्यात उद्देश पुरेसा स्पष्ट नाही असा शेरा मारून परत पाठवला. मग तो परत आलेला बघून त्यांचा संताप झाला. इतकी वर्षं काम केल्यावर आपल्या उद्देशावर शंका? त्यांनी तिखट उत्तर लिहिलं. सदस्य-सचिवांना त्यातली भाषा आवडली नाही. दोन दिवस बाईंचं बाईंशी जमेना. शेवटी व्यापक हित लक्षात घेऊन त्यांनी दोघींची समजूत घातली आणि परवानगी दिली.

आता हवी होती यादी. कुठला कॉम्प्युटर कुठे आहे, ते स्क्रिप्टला सांगावं लागतं. प्रत्येक यंत्राला त्याचं नाव असतं आणि ते चिठ्ठीवर लिहून पाठीवर चिकटवलेलं असतं. नेमकी त्याच आठवड्यात डेडस्टॉकची तपासणी आली. म्हणजे वरून माणूस येतो आणि ऑफिसातली प्रत्येक खुर्ची, कपाट, यंत्र जिथे असायला हवं तिथे आहे की नाही ते बघतो. बाई त्याच्याबरोबर फिरल्या आणि फिरता फिरता त्यांची यादी तयार झाली. सुरेख यादी. तळमजल्यावर काउंटर, मग आवक-जावक, वर लेखा शाखा, साहेबांची केबिन, सगळं जिथल्या तिथे.

इथेच घोटाळा झाला, आणि तो कसा झाला हे सांगायला हवं.

या ऑफिसात माणसाची जागा बदलली की माणूस नुसता जात नाही, कॉम्प्युटर उचलून बरोबर नेतो. कुणाचा हात एका कीबोर्डवर बसलेला असतो, कुणाला एक यंत्र लाभतं, कुणाला बढतीच्या दिवशी जे समोर होतं तेच निवृत्तीपर्यंत हवं असतं. लेखा शाखेतल्या एका गृहस्थांनी तर आपला कॉम्प्युटर रजेवर जाताना कपाटात कुलूप लावून ठेवला होता. तेव्हा एरवी कुठलंच यंत्र आपल्या जागी नसतं. फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी सगळे आपापली यंत्रं गुपचूप मूळ जागी नेऊन ठेवतात आणि तपासणी करणारा जिना उतरला की गुपचूप परत आणतात. आता तुम्ही म्हणाल, बाईंना हे माहीत नव्हतं? अहो, चांगलं माहीत होतं. पण ते ऑफिसातल्या इतर गोष्टींसारखंच माहीत होतं. सगळ्यांना ठाऊक आणि कुणाच्याच ध्यानात नाही. बाईंनी यादी केली त्या संध्याकाळीच तिसेक यंत्रं वायरी लोंबवत आपापल्या लाडक्या माणसांकडे परत गेली. यादी तिथेच राहिली.

आणि बाई नुसत्या अपडेटवर थांबल्या असत्या तर एक वेळ निभावलं असतं. पण कामाची गोडी लागली होती. त्यांनी ठरवलं, काउंटरच्या कॉम्प्युटरवरून सकाळी आपोआप सूचना वाजली पाहिजे, म्हणजे क्लार्कला ओरडावं लागणार नाही. सूचना त्यांनी घरी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली, न्हाणीघरात, कारण तिथे आवाज घुमतो. नुकतंच यजमानांशी वाजलेलं असल्यामुळे आवाजात धार होती. साहेबांच्या कॉम्प्युटरवर सूचना नको, तिथे फक्त एक पाटी दिसावी: 'साहेब मीटिंगमध्ये आहेत. नंतर यावे.' म्हणजे बड्या साहेबांसमोर कुणी मधे डोकावणार नाही. बाकी सगळी यंत्रं अपडेट होऊन बंद होतील आणि पुन्हा चालू होतील. सगळा विचार केलेला होता.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. केबिनमध्ये बडे साहेब, आपले साहेब आणि चकचकीत बूट बसले. बाहेर, वरच्या हॉलमध्ये, बाई आपल्या खुर्चीत ताठ बसल्या. काउंटर उघडायची वेळ झाली. बाईंनी एंटर दाबलं.

पहिला आवाज टायपिस्टचा आला. तिचं अर्धं पत्र गेलं होतं. मग लेखा शाखेतून दोन-तीन आवाज एकदम आले. ते अपेक्षित होतं. दहा वाजता हात काढा असा निरोप बाईंनी सगळ्यांना लेखी पाठवला होता आणि लेखी पाठवलेलं ऑफिसात कुणी वाचत नाही. बाई शांत होत्या. समोरच्या स्क्रीनवर एकेका यंत्राचं नाव येत होतं आणि पुढे 'झाले', 'झाले', 'झाले'.

मग त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. तो यायलाच हवा होता, पण तळमजल्यावरून. हा शेजारून येत होता, साहेबांच्या केबिनच्या बंद दारातून.

झालं होतं असं. काउंटरवर उभ्या असलेल्या लोकांना लांबूनही आपला नंबर दिसावा म्हणून ऑफिसनं एक भला मोठा स्क्रीन आणि दणदणीत स्पीकर असलेला कॉम्प्युटर घेतला होता. तो आल्या आल्या साहेबांच्या मनात भरला. जनतेला इतकं मोठं बघायची गरज नाही असं त्यांचं मत पडलं आणि तो केबिनमध्ये गेला, साहेबांचा बारका काउंटरवर आला. यादीत मात्र मोठा अजून काउंटरवर होता.

केबिनमध्ये एजन्सीवाला नुकता बोलायला उभा राहिला होता. "आमची कंपनी तुम्हाला..." तो म्हणाला.

"एका वेळी एकच माणूस बोलेल!" बाई स्पीकरमधून कडाडल्या.

तो गप्प झाला. मग सावरून त्याने बॅगेतून कागद काढले.

"कागद पुरे नसतील त्यांनी वेळ घालवू नये!"

"बंद करा ते," बडे साहेब म्हणाले. साहेबांनी स्क्रीनचं बटण दाबलं. चित्र गेलं, आवाज राहिला. आवाज कुठून बंद होतो हे साहेबांना ठाऊक नव्हतं, कारण आजवर तो कुणी सुरूच केला नव्हता.

"रांगेत उभे राहा!"

आणि बडे साहेब चटकन उभे राहिले. नोकरीच्या सुरुवातीची सवय असावी. उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर एजन्सीवाला त्यांच्या मागे उभा राहिला होता.

खाली काउंटरवर मात्र विलक्षण शांतता होती. काउंटरच्या बारक्या स्क्रीनवर पाटी आली होती: 'साहेब मीटिंगमध्ये आहेत. नंतर यावे.' रांगेतल्या लोकांनी ती वाचली आणि सवयीनं वळून निघून गेले. काउंटरवरच्या क्लार्कनेही वाचली, खिडकी लावली आणि चहाला गेला.

थोड्याच वेळात बाई केबिनमध्ये उभ्या होत्या. मागे दारात अख्खं ऑफिस जमलं होतं. साहेबांचं कपाळ नेहमी गोरं असतं, आज तांबूस होतं.

"बाई, आत्ताच्या आत्ता लेखी माफी द्या," साहेब म्हणाले. "पुन्हा कुठल्याही कॉम्प्युटरला हात लावणार नाही असंही लिहा. आणि उद्यापासून जुन्या दप्तरात."

बाईंना रडू आलं. ते आलं हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. इतक्या लोकांसमोर, ज्यांच्यासाठी गुडघे झिजवले त्यांच्यासमोर आलं. टायपिस्ट तर आपल्या गेलेल्या पत्राचा सोक्षमोक्ष लावायलाच आली होती. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"माफी नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. अपडेट झालंय. चालू असलेल्या सगळ्यांवर झालंय, खुर्चीतून न उठता. काउंटरची सूचना काउंटरच्याच कॉम्प्युटरवर वाजली. तो इथे काय करतोय, ते यंत्राला विचारा."

बडे साहेब एजन्सीवाल्याकडे वळले. "कुठलं यंत्र कुठलं आहे हे शोधायला तुम्हाला किती वेळ लागेल?"

"प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल," तो म्हणाला. "माणसं लावावी लागतील. एक महिना धरा."

"मी आत्ता विचारते," बाई म्हणाल्या आणि वळल्या. अख्खं ऑफिस बाजूला झालं आणि मग अख्खं ऑफिस त्यांच्या मागे गेलं. बडे साहेबसुद्धा.

बाई खुर्चीत बसल्या. दोन बोटांनी टाईप करायला लागल्या. मागे इतकी माणसं श्वास रोखून उभी असताना एक अक्षर चुकलं, ते खोडून पुन्हा लिहिलं. कुणी हसायची हिंमत केली नाही. मग एंटर.

हॉलमधला प्रत्येक स्क्रीन एकदम पांढरा झाला आणि त्यावर काळ्या ठळक अक्षरांत ओळ आली. लेखा शाखेतला म्हणाला, 'माझी जागा: टपाल. मला तिथे न्या.' टायपिस्टचा म्हणाला, 'माझी जागा: भांडार. मला तिथे न्या.' कपाटात कुलूप लावलेला तेवढा काही बोलला नाही. शिपाई धावत जाऊन बघून आला आणि त्याने बातमी दिली की साहेबांचा म्हणतोय, 'माझी जागा: काउंटर.'

"बाई," आवक-जावकचा क्लार्क पाठीमागून हळूच म्हणाला, "तुमचा काय म्हणतोय तो बघा."

बाईंनी समोर बघितलं. 'माझी जागा: आवक-जावक. मला तिथे न्या.'

हे बाई विसरल्या होत्या. ज्या यंत्रावर त्यांचा हात बसला होता, ज्यावर स्क्रिप्टची प्रत्येक ओळ उतरली होती, ते त्यांनी स्वतःच कधीतरी तळमजल्यावरून वर आणलं होतं, आणि तपासणीपुरतं ते खाली-वर करायचं काम शिपाई दर वेळी न सांगता उरकायचा. हॉलमध्ये हलकीशी खसखस पिकली. साहेबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशीचं पहिलं हसू आलं.

बाई उठल्या. त्यांनी एकेक वायर काढली, यंत्र उचललं, छातीशी धरलं. शिपाई मदतीला पुढे आला. "बाजूला हो," बाई म्हणाल्या. गुडघे करकरत होते, पण मान ताठ ठेवून त्या जिना उतरल्या, आवक-जावकच्या टेबलावर यंत्र ठेवलं, तिथला खरखर पंख्याचा जुना उचलला आणि जिना चढून वर आल्या. तो आपल्या टेबलावर ठेवला आणि धाप लागलेली असतानाच सगळ्यांकडे बघितलं. बघणं पुरलं. टायपिस्टने आपला उचलला. लेखा शाखेने उचलले. कपाटाचं कुलूप उघडलं. दुपारपर्यंत जिन्यात इतकी यंत्रं वर-खाली जात होती की बड्या साहेबांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं.

जाताना ते म्हणाले, "सगळी यंत्रं आपापल्या जागी गेली की मगच एजन्सीचं आणि बदलीचं बघू. तोवर हे काम बाईंकडे."

"पण माफी तरी," साहेब म्हणाले. "ऑफिसची शिस्त आहे, सर."

"मागते की," बाई म्हणाल्या. "ज्या दिवशी शेवटचं यंत्र आपल्या जागेवर जाईल, त्या दिवशी. लेखी मागते."

ती गोष्ट होऊन बरेच महिने झाले. तिसेक यंत्रांपैकी एक सोडून सगळी आपल्या जागी आहेत. मुख्यालय अजून सतत नवी आवृत्ती पाठवतं, आणि बाई खुर्चीतून न उठता, खरखर पंखा ऐकत, ती सगळीकडे पोचवतात. दर वेळी एका केबिनमध्ये भल्या मोठ्या पांढऱ्या स्क्रीनवर ठळक ओळ येते आणि साहेब सरावाच्या हाताने ती बंद करतात. मोठा स्क्रीन त्यांच्याने सोडवत नाही. अधूनमधून ते शिपायाला पाठवतात, बाईंच्या माफीचं काय झालं विचार म्हणून. माफी बाईंनी केव्हाच टाईप करून ठेवली आहे. चांगली नम्र भाषेत आहे, सदस्य-सचिवांनाही पसंत पडली. फक्त तारीख कोरी आहे, आणि शिपायाला ती दाखवून बाई म्हणतात, "साहेबांना सांग, तारीख त्यांनीच घालायची आहे."